सिंगापूरची मार्केट आणि हॉकर सेंटर: काय मागायचं, कसं मागायचं, कुठे फसगत होते

जायफळ

दर सुट्टीच्या हंगामात इथे एक प्रश्न हमखास येतो: "सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये आपल्याला खाता येईल का?" उत्तर "हो" असंच आहे, पण त्याने कुणाचं पोट भरत नाही. म्हणून एकाच जागी सगळं असावं यासाठी हा धागा. रेस्टॉरंट, फूड कोर्ट, मॉल यांची चर्चा इथे नको. फक्त सरकारी मार्केटला जोडून असलेली, पंख्याखाली बसून खायची सेंटर. किमती सिंगापूर डॉलरमध्ये आणि ढोबळ आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली, मग १९७० आणि ८० च्या दशकांत नळ, गटार, वीज असलेली सेंटर बांधून त्यांना आत हलवलं. आज अशी शंभराहून जास्त सेंटर आहेत. बऱ्याच ठिकाणी खाली किंवा शेजारी मासळी-भाजीचं ओलं मार्केट असतं. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने ही हॉकर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि तेव्हापासून पर्यटकांची गर्दी वाढली ती वाढलीच.

पद्धत अशी:

आधी जागा, मग रांग. टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री किंवा पाण्याची बाटली ठेवलेली दिसली की ते टेबल घेतलेलं आहे. उचलून बाजूला ठेवू नका, भांडण होतं. तुम्हीही तेच करा. पासपोर्ट-पाकीट असलेली पिशवी मात्र ठेवू नका. एकटे असाल तर भरलेल्या टेबलावरच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

टेबलावर नंबर असतो, तो बघून ठेवा. काही स्टॉलवाले पदार्थ टेबलावर आणून देतात, ते नंबर विचारतात. पाटीवर "सेल्फ सर्व्हिस" असेल तर तिथेच थांबायचं.

पैसे बहुधा पदार्थ हातात पडताना द्यायचे. चमचे, चॉपस्टिक, मिरचीची चटणी स्वतः घ्यायची. पाटीवरची किंमत हीच शेवटची, वर सेवाशुल्क नाही आणि टिप द्यायची पद्धतही नाही.

खाऊन झालं की ट्रे, ताटल्या आणि टेबलावरचा कचरासुद्धा परतीच्या रॅकवर. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये याची सक्ती आहे. पहिल्या वेळी लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड, त्यापुढे कोर्ट. वापरलेला टिश्यू, स्ट्रॉ, खेकड्याची कवचं टेबलावर ठेवून उठणं हेही त्यातच धरतात. रॅक दोन प्रकारचे असतात, हलाल आणि हलाल नसलेले. पाटी वाचून ठेवा. डुकराच्या मांसाची ताटली हलालच्या रॅकवर जाणं ही तिथे फार मोठी चूक.

कढीपत्ता

चांगला धागा. घरात दोघं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. "व्हेजिटेरियन" म्हटलं की पुरतं का?

पाटीपुस्तक

@कढीपत्ता, नाही पुरत. चिनी किंवा मलय स्टॉलवर त्या शब्दाचा अर्थ अनेकदा "मांसाचे तुकडे नाहीत" एवढाच निघतो. अडचण असते ती न दिसणाऱ्या जिनसांची:

डुकराची चरबी. चार क्वे त्याव या परतलेल्या नूडल्समध्ये पारंपरिक पद्धतीने हीच घालतात. मुळ्याच्या वड्या परतून करतात त्या "कॅरट केक"मध्येही असू शकते. त्यात गाजर औषधालाही नसतं, अंडं मात्र असतंच, आणि फिश सॉसही बहुतेकदा असतो.

सुकट आणि कोळंबीची पेस्ट. सांबाल चटणीत बलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. लाक्सा म्हणजे नारळाच्या तिखट रश्शातल्या नूडल्स, त्या रश्शाच्या वाटणातच सुकवलेली कोळंबी असते, त्यामुळे "वरची कोळंबी काढून द्या" म्हणून काही उपयोग नाही. फळं-काकडीचं चिनी रोजाक दिसायला निव्वळ शाकाहारी, पण तो काळा दाट सॉस कोळंबीचाच.

सुके बारीक मासे, म्हणजे इकान बिलिस. सूपच्या पाण्यात उकळलेले असतात, नासी लमाक या नारळाच्या दुधातल्या भातावर तळून घातलेले असतात.

ऑयस्टर सॉस. "फक्त हिरवी भाजी द्या" म्हटलं की वरून हाच पडतो.

आणि ज्यात सगळेच चुकतात ते म्हणजे हायनानी चिकन राइसच्या स्टॉलवरचा "नुसता भात". तो पांढरा दिसतो, पण तांदूळ कोंबडीच्या चरबीवर आलं-लसूण घालून परततात आणि कोंबडीच्याच पाण्यात शिजवतात. शाकाहारी माणसाने तो भात घेऊ नये.

त्यामुळे "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका, पदार्थांची नावं घेऊन नकार द्या: नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग, नो ऑयस्टर सॉस. आणि हे कढई तापायच्या आधी. अंकल-आंटी म्हणून हाक मारलीत की ऐकून घेतात. त्यांनी मान हलवून "कॅनॉट" म्हटलं तर तो उद्धटपणा नाही, प्रामाणिकपणा आहे. पुढच्या स्टॉलवर जा.

खात्रीचा मार्ग म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल. मोठ्या सेंटरमध्ये असा एखादा तरी बहुधा सापडतो, आणि पाटीवर पुष्कळदा स्वस्तिक काढलेलं असतं. तिथे "चिकन", "मटण", "चार सिउ" (भाजलेलं डुकराचं मांस) अशी नावं दिसली तरी ते सोया किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ चिनी लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी इथे मोठी रांग असते आणि दीड वाजेपर्यंत भांडी रिकामी होतात.

सांजवात

त्यात भर: या बौद्ध स्टॉलवर परंपरेने कांदा-लसूणही घालत नाहीत, त्यामुळे जैन मंडळींना सोयीचं. पण बटाटा, गाजर, मुळा असतो, आणि काही नकली मांसाच्या तुकड्यांत अंड्याचा पांढरा भाग किंवा दूध असतं. तेवढं विचारावं.

रिकामटेकडा

एवढं डोकं कशाला लावायचं? टेक्का सेंटरला जा, इडली-डोसा खा, मोकळे व्हा.

जायफळ

@रिकामटेकडा, चारही दिवस इडलीच खायची तर सिंगापूरला कशाला जायचं? पण टेक्काबद्दल सविस्तर लिहायचंच होतं.

टेक्का सेंटर लिटल इंडिया स्टेशनला लागूनच आहे, बुकित तिमा रोड आणि सेरांगून रोडच्या कोपऱ्यावर. आताची इमारत १९८२ ची. तळमजल्यावर एका बाजूला ओलं मार्केट, दुसऱ्या बाजूला खाण्याचे स्टॉल, वर कपडे आणि शिंपी. इथे दक्षिण भारतीय शाकाहारी स्टॉल, भारतीय मुस्लिम बिर्याणी-पराठ्याचे स्टॉल, मलय आणि चिनी स्टॉल असं सगळं एका छपराखाली आहे. "इथे सगळं भारतीयच असेल" असं धरून चालू नका. एका रांगेत थोसाई, पुढच्या रांगेत बदकाचा भात. थोसाई म्हणजे आपला डोसा, साधा २ ते ३ डॉलरला.

इथलं भारतीय रोजाक वेगळं, कोळंबी-पेस्टवालं नाही. काचेमागे भजी, टोफू, उकडलेला बटाटा, अंडी, कोळंबीचे वडे मांडलेले असतात. तुम्ही बोट दाखवायचं, तो कापून गरम करून देतो, सोबत रताळ्याची गोड-तिखट लालसर चटणी. दर नगाप्रमाणे असतो, त्यामुळे बोट जितकं फिरेल तितकं बिल वाढतं. तेल मात्र सगळ्यांचं एकच, म्हणजे कडक शाकाहारींनी सोडून द्यावं.

पुतु मायाम मिळालं तर सोडू नका: तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि केशरी साखर. सकाळचाच पदार्थ, दुपारी संपतो.

तिखटमीठ

प्राता म्हणजे तिथला पदरी पराठा. त्याबद्दल मी लिहितो, कारण त्यात चांगलं-वाईट डोळ्यांनी ओळखता येतं.

तव्याशेजारी तेला-तुपात माखलेले कणकेचे, खरं तर मैद्याचे, गोळे ट्रेमध्ये दिसले पाहिजेत. माणूस गोळा तळहाताने चेपतो, मग कडेला धरून ओट्यावर आपटत फिरवतो, इतका पातळ की खालचा ओटा दिसावा. मग चारी बाजूंनी घडी आणि तव्यावर. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की चांगला कारागीर तो उचलून दोन्ही तळव्यांत चुरगळतो, टाळी वाजवल्यासारखा. त्याने पदर सुटतात आणि आतली वाफ निघून जाते. ही टाळी नाही वाजली तर आतला पदर ओला राहतो आणि गार झाल्यावर चामड्यासारखा होतो. गोठवलेले चपटे तुकडे पाकिटातून काढून तव्यावर टाकताना दिसले तर तो कारखान्याचा माल, तेवढ्यासाठी रांगेत उभं राहू नका.

मागताना "प्राता कोसोंग" म्हणजे साधा, साधारण दीड डॉलर. "क्रिस्पी" म्हणून सांगता येतं, थोडा जास्त वेळ ठेवतात. शाकाहारींनी तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोबतची आमटी न विचारता वाढली तर ती माशाची किंवा मटणाची असू शकते, म्हणून आधीच "डाल ओन्ली". दुसरं, काही ठिकाणी मैदा मळतानाच अंडं घालतात. तिसरं, अंड्याचा प्राता त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने.

अर्धाकप

चहा-कॉफीशिवाय हा धागा अपुरा आहे. पेयांचा स्टॉल वेगळा असतो, खाण्याच्या स्टॉलवर कॉफी मागू नका.

नुसतं "कोपी" म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्कची गोड कॉफी. "कोपी ओ" म्हणजे काळी, साखर घातलेली. "कोपी सी" म्हणजे आटवलेलं, पण साखर नसलेलं डब्यातलं दूध, आणि साखर वेगळी घातलेली. यापुढे जोडायचं: कोसोंग म्हणजे साखर नको, सिउ दाई म्हणजे साखर कमी, गाउ म्हणजे कडक, पो म्हणजे फिकी, पेंग म्हणजे बर्फ घालून. चहाला हेच सगळं "तेह" लावून. म्हणजे बिनसाखरेचा दुधाचा चहा हवा असेल तर "तेह सी कोसोंग". आल्याचा चहा "तेह हालिया", तो भारतीय मुस्लिम स्टॉलवर चांगला मिळतो.

सगळ्यात जास्त गोंधळ "कोपी कोसोंग" म्हटल्यावर होतो. कंडेन्स्ड मिल्क मुळातच गोड, मग साखर काढणार कुठून? स्टॉलवाला परत विचारतो किंवा काळी कॉफी देतो. मधुमेह असलेल्यांनी सरळ "कोपी सी कोसोंग" किंवा "कोपी ओ कोसोंग" म्हणावं.

कॉफी कापडी पिशवीत गाळतात. लांब तोटीच्या दोन भांड्यांत ते पाणी आलटून पालटून पिशवीतून ओततात, दाट अर्क तयार होतो. कपात तळाला दूध किंवा साखर, वर अर्क, वर उकळतं पाणी. ढवळून देतीलच असं नाही. न ढवळता प्यायलं की पहिले चार घोट कडू आणि शेवटचे दोन पाकासारखे; मग लोक "कसली कॉफी ही" म्हणतात. चमचा तळाशी नेऊन वर आणा. कॉफीच्या बिया पारंपरिक पद्धतीत साखर आणि मार्गारिन किंवा लोणी घालून भाजतात, म्हणून तो जळकट-खमंग वास येतो. व्हीगन मंडळींनी नोंद घ्यावी, काळी कॉफीसुद्धा शंभर टक्के निर्धोक नाही.

गरम कोपी दीड डॉलरच्या आतबाहेर, पेंगला थोडे जास्त. बांधून मागितलीत तर काही ठिकाणी दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळते. ती टेबलावर ठेवता येत नाही, हे हातात आल्यावर कळतं.

कढीपत्ता

पाटीपुस्तक, सांजवात, खूप आभार. पैशांचं काय? कार्ड, यूपीआय?

सांजवात

रोख न्या. २, ५ आणि १० च्या नोटा सोयीच्या. ५० ची नोट सकाळी सातला पुढे केलीत तर आंटीचा चेहरा बघवत नाही. स्टॉलवर क्यूआर कोड चिकटवलेले दिसतात, पण ते बहुतेक पेनाउ या तिथल्या पैसे पाठवायच्या सोयीचे, आणि ती सिंगापूरमधल्या बँक खात्याशी जोडलेली असते, पर्यटकाला त्याचा उपयोग नाही. परदेशी कार्ड फार थोडे स्टॉल घेतात. सीडीसी व्हाउचरचे स्टिकर दिसतील, ती स्थानिक कुटुंबांसाठीची सरकारी योजना आहे, सवलत म्हणून मागू नका.

तिखटमीठ

मांसाहारींसाठी थोडं.

चिकन राइस ४ ते ६ डॉलर. कोंबडी उकळत्या नव्हे, जेमतेम थरथरणाऱ्या पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडीखाली जेलीसारखा थर बसतो आणि मांस मऊ राहतं. हाडाजवळ गुलाबी छटा दिसली म्हणून परत करू नका, ती हाडातल्या मगजामुळे असते. मांसच पारदर्शक आणि रबरी लागलं तर मात्र कच्चं आहे, परत करा. मांस कोमट किंवा गार असतं, तसंच असायचं. गरम हवा तो भात. गरमच कोंबडी आवडत असेल तर भाजलेली मागा.

मॅक्सवेल फूड सेंटरला मॅक्सवेल स्टेशनवरून उतरलं की समोरच. तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या चिकन राइसच्या रांगेत साडेबाराला उभं राहण्यात शहाणपणा नाही. सकाळी अकराच्या आत जा, नाहीतर शेजारच्या दुसऱ्या स्टॉलवर खा, फरक आहे पण रांगेइतका नाही.

चार क्वे त्यावमध्ये रक्तासारखा रस सुटणारे शिंपले असतात, ते मुद्दाम अर्धकच्चे ठेवतात. अर्धकच्च्या शिंपल्यांतून हेपटायटिस ए होऊ शकतो, म्हणून "नो हम" (हम म्हणजे हेच शिंपले) सांगून टाका. कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशाचे पदार्थ तर २०१५ च्या जिवाणू-साथीनंतर स्टॉलवर बंदच केले आहेत.

नावांत काय लपलेलं असतं ते: "बाक" आलं की डुक्कर (बाक कुत तेह, बाक चोर मी), आयाम कोंबडी, कांबिंग मटण, इकान मासा, उदांग कोळंबी, सोतोंग माकूळ. "दागिंग" म्हणजे मांस, आणि मलय स्टॉलवर ते बहुधा गोमांस असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारूनच घ्यावं.

समुद्री मेव्याच्या स्टॉलवर, विशेषतः न्यूटनसारख्या पर्यटकी सेंटरमध्ये, पाटीवर आकडा नसून "सीझनल प्राइस" असतं. वजन किती, शंभर ग्रॅमला किती, एकूण किती, हे तिन्ही कढईत पडायच्या आधी विचारा. हाताला धरून बोलावणाऱ्याकडे जाऊ नका. गिऱ्हाईक ओढायला तिथे बंदी आहे, आणि ज्याचा माल चांगला त्याला ओढावं लागत नाही.

रिकामटेकडा

लाउ पा सातचं कुणी नावच काढलं नाही! ती अष्टकोनी बीडाची इमारत १८९४ ची, राष्ट्रीय स्मारक. साते, म्हणजे काडीला लावून कोळशावर भाजलेले मांसाचे तुकडे, खायला तिथेच जायचं.

पाटीपुस्तक

इमारत बघायला जरूर जा, जेवणाला घाई नको. ते खाजगी कंपनी चालवते, आतले दर शेजारच्या सरकारी सेंटरपेक्षा चढे. साते मात्र खरंच तिथलीच: संध्याकाळी सातनंतर शेजारची बून तात स्ट्रीट वाहनांना बंद करतात आणि कोळशाच्या शेगड्या रस्त्यावर येतात, शनिवार-रविवारी दुपारपासूनच. बहुतेक ठिकाणी किमान दहा काड्या घ्याव्या लागतात. सोबतचा सॉस शेंगदाण्याचा आहे, ॲलर्जी असलेल्यांनी दूरच राहावं. धूर अंगावर घ्यायचा नसेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूचं टेबल धरा.

@जायफळ, वेळांचंही वरती घालाल का? अर्धी निराशा त्यानेच होते.

जायफळ

घालतो. सेंटर उघडं असणं आणि स्टॉल उघडा असणं वेगळं. प्रत्येक स्टॉलवाला आपल्या मर्जीचा मालक. न्याहारीचे स्टॉल सहा-सातला सुरू होऊन दुपारी दोनपर्यंत आवरतात, रात्रीचे पाचला उघडतात. तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ. सोमवारी बरेच बंद, कारण ओलं मार्केटही सोमवारी शांत असतं. चिनी नववर्षात चिनी स्टॉल आठवडाभर बंद असू शकतात, ईदला मलय आणि मुस्लिम स्टॉल, दिवाळीला टेक्काचे भारतीय स्टॉल.

शिवाय दर तिमाहीला प्रत्येक सेंटर साफसफाईसाठी एक-दोन दिवस पूर्ण बंद असतं, आणि कधीकधी दुरुस्तीसाठी काही महिने. तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात. हॉटेलातून निघण्याआधी तेवढ्या बघा.

भात आणि भाज्या मांडून ठेवलेल्या "मिक्स्ड राइस" स्टॉलवर अकरा ते बाराच्या दरम्यान जा. पदार्थ साडेदहाच्या सुमारास करून ठेवतात, दोननंतर ते गार आणि कोमेजलेले असतात, आणि त्या हवेत तासन् तास उघड्यावर राहिलेलं खाण्यात अर्थ नाही. किंमत किती वाट्या निवडल्या यावर. दोन भाज्या आणि टोफू साडेतीन-चार डॉलरमध्ये होतं. मासा घेतलात तर आकडा एकदम उडी मारतो. भातावर न विचारता रस्सा ओतायची सवय असते, आणि तो बहुतेकदा मांसाचा. "नो ग्रेव्ही" हे बोट दाखवायच्या आधी.

कढीपत्ता

शेवटचं एक. मुलं पाच आणि आठ वर्षांची, तिखट अजिबात नाही.

सांजवात

चटणी बहुतेक ठिकाणी वेगळीच वाढतात, "नो चिली" म्हटलं की काम झालं. तुमच्या शाकाहारी मुलांना साखरेसोबत प्राता कोसोंग (मैद्यात अंडं नाही ना, ते विचारून), अप्पमसोबत नारळाचं दूध, बौद्ध स्टॉलवरच्या परतलेल्या शेवया, टोफू, उसाचा रस. रस सांगताना बर्फ कमी सांगा, नाहीतर अर्धा ग्लास बर्फच येतो. चायनाटाउन कॉम्प्लेक्सला दोनशेहून जास्त स्टॉल आहेत, मुलं घेऊन तिथे पहिल्या दिवशी नको, फिरण्यातच दमतील. टिओंग बारू बरं: खाली मार्केट, वरच्या मजल्यावर खाणं, वारा खेळतो, आणि बेसिन जवळ. फुकट पाणी कुठेच देत नाहीत, पण नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, हॉटेलातून बाटल्या भरून न्या.

तिखटमीठ

@सांजवात, टिओंग बारूचं च्वी क्वे, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वाट्या, दिसायला शाकाहारी आहे. वरचा खारवलेला मुळा काही स्टॉल चरबीत परततात, काही तेलात. कढीपत्ता यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

कढीपत्ता

नोंद केली. यादी छापून नेतेय: नो मीटपासून नो ग्रेव्हीपर्यंत.

पाटीपुस्तक

त्यात "नो लार्ड", म्हणजे डुकराची चरबी नको, हेही लिहा. ते कुणी स्वतःहून सांगत नाही.